धारूरचा घाट

लायसन्स मिळून अठरा दिवस झालेत मला,
आणि मन्मथच्या पायाखाली ब्रेक नाही.
तरी दर वळणाला तो दाबतोय
गाडीचा तळ,
डावीकडं बसून, काही न बोलता.

समोर उसाचा ट्रक.
त्याच्या मागं आम्ही, बैलगाडीच्या चालीनं.
रेवण खिडकीतून हात काढतो वाढ्यांकडं,
मी ओरडते, तो आत घेतो,
पुन्हा काढतो.
जाई विचारते, हा डोंगर कुणाचा?
बालाघाटाचा.
तो कुठल्या गावचा?

तिसऱ्या वळणावर रेवण ओकला.
पिशवी सापडेना, म्हणून
माझ्या नव्या पर्समध्ये.

थांबलो.
कठड्यापाशी एक पोरगी, जाईएवढीच,
पाटीत सीताफळं मांडून.
तिनंच बाटली पुढं केली,
तोंड धुवा म्हणाली त्याचं,
आणि डोळे उघडलेलं एक फळ
दोन अंगठ्यांनी फोडून दिलं.
पैशाचं नंतर बघू.

मग बिया.
कुणाची दरीत लांब जाते?
रेवण, जाई, ती पोरगी,
आणि मन्मथ, पतपेढीतला कॅशियर,
गाल फुगवून.
जिंकली तीच. तिचा रोजचा सराव.

जाई म्हणाली, एवढ्या सगळ्या उगवल्या तर?
उगवत्यातच की, ती म्हणाली,
नाहीतर आम्ही काय विकलं असतं?

पुन्हा घाट. पर्स डिकीत.
वास तरी पुढं येतोय.
शेवटच्या चढाला सेकंड टाकताना
डावीकडं नजर गेली:
मन्मथ सीटवर मांडी घालून,
दातात अडकलेला गर
जिभेनं काढत.