दोनदा गिळ

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्रं काढून दिली:
श्वास धर. हनुवटी छातीला. गिळ.
खोकल, आणि श्वास घेण्याआधी
पुन्हा एकदा गिळ.
फ्रिजवर वीजबिलाशेजारी चिकटवला मी तो कागद.
जे कुणीच कुणाला शिकवत नाही
ते तू सदुसष्टाव्या वर्षी शिकतोयस, नुगझर,
बोटानं एकेक चित्र दाबत.

सगळ्यांत अवघड पाणी.
मांस नाही, कडक रोटी नाही. पाणी.
ते धावतं, भलत्या दारानं आत शिरतं,
मग तू निळा पडेस्तोवर ठसकतोस
आणि मी टेबलाची कड धरून उभी.
म्हणून त्यात भुकटी ढवळते, मधासारखं दाट होईतो.
पहिल्या दिवशी तू तो चमचा खिडकीपाशी नेलास,
उजेडात तिरपा केलास,
वहीत लिहिलंस:
याला पाणी म्हणायचं?

खाली अलाझानीच्या खोऱ्यात द्राक्षं तोडतायत.
वाझा आला होता, मुलाच्या लग्नाचं सांगायला.
तेलावीच्या आपल्या गल्लीत वीस वर्षं
मेजाच्या टोकाला तूच उभा असायचास,
पेला हातात, आधी मेलेल्यांसाठी दोन शब्द,
मग पोरांसाठी, मग यजमानाच्या म्हाताऱ्या गाईसाठीसुद्धा,
आणि सूप निवून जायचं.
वाझाला हात कुठे ठेवावेत कळेना.
टोपी विसरून गेला.

वजनकाटा एकोणसाठवर अडून बसलाय.
मी घेवडा गाळते, वांगं गाळते,
अक्रोड काढून टाकते.
अक्रोडाशिवाय वांगं!
आई असती तर पळी घेऊन मागे लागली असती.
सगळं एकाच रंगाचं होतं शेवटी,
भिंतीला लावायच्या लांबीसारखं.
माझी रोटी मी बाल्कनीत खाते, उभ्यानं,
भट्टीतून आणलेली, गरम,
चोरासारखी.
तुला वास येतो, ठाऊक आहे मला.
काल पाहिलं,
बाल्कनीचं दार तूच हळूच किलकिलं करून ठेवतोस.

तू गिळतोस तेव्हा माझाही घसा हलतो.
लेकरं भरवताना तोंड उघडायचे, तसंच काहीसं.
दिवसाकाठी दोनशे-अडीचशे रिकामे आवंढे.
रात्री माझाच घसा दुखतो.

आज पहाटे दव गोठलं.
अंगणातलं अमरफळ बोटानं दाबलं तर आत गेलं,
साल फाटली, आतला गर नुसता जेलीसारखा.
अर्धं बशीत काढलं.
श्वास. हनुवटी. गिळ. खोकल. गिळ.
थांबलो दोघं.
ठसका येईल म्हणून मी रुमाल धरलेला.
भिंतीवरचं घड्याळ, वाझाचा कुत्रा,
नळाचा एक थेंब.
ठसका नाही.
दुसरा चमचा. तिसरा.
पाऊण तास गेला अर्ध्या फळाला.

मग तू वही ढकललीस बाजूला,
आणि खरवडून, वाळूत फावडं ओढल्यासारखं,
जुलैनंतरचं पहिलं वाक्य बोललास:
"गेल्या वर्षीचं जास्त गोड होतं."

बेचाळीस वर्षं माझ्या हातच्या जेवणाला
नावं ठेवणारा माणूस.

झाडाला सांग, म्हटलं मी,
आणि उरलेलं अर्धं कापायला उठले,
पाठ वळवून.