जकात

ऐरोलीच्या नाक्यावर भाऊंनी सतरा वर्षं
ताडपत्री उचलून ट्रक पाहिले.
रात्री जेवताना बोटांना कांद्याचा नाहीतर डांबराचा वास.

आता घणसोलीत, चौथ्या मजल्यावरून
मी पेटीचे सूर विकते.
आईचीच पेटी. काळी चार जरा चिरकी.
काल ती बुडापेस्टला गेली.
इथला कर शून्य,
तिथला सत्तावीस टक्के,
तोही मीच गोळा करून तिकडे भरायचा.

‘माल कुठल्या नाक्यानं गेला?’
कुठल्याच नाही, भाऊ.
‘वजन?’
नाही.
ते चष्मा पुसतात.
‘मग पावती कशावर फाडलीस?’

मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवते.
काळी चार.
बराच वेळ ते बोलत नाहीत.
मग हात हलवतात,
ट्रक सोडताना हलवायचे तसा.
‘जाऊ दे.’