चुन्याचं पाणी

त्रिमूर्तीनगरच्या टपरीवर मी मागितला
नुसता चुना.
"काऊन सर, खर्रा पुन्हा सुरू?" गज्जू हसला.
सुटून अकरा वर्षं झाली, हे त्यालाच नक्की ठाऊक;
शेवटची उधारी त्याच्याच वहीत होती.

पपई मागच्या अंगणातली, दगडासारखी.
सोलताना बोटांवर चीक.
सांतो दोमिंगोच्या विहीणबाई म्हणतात,
आमच्याकडे हिचं नावच दुधाळ.
शर्वरी मध्ये बसून भाषांतर करते,
अर्धं गाळते, ते कळतं मला.

फोडी रात्रभर निवळीत.
सकाळी पाच पाण्यांनी धुतल्या,
दालचिनी, चार लवंगा, पपईइतकीच साखर, मंद आच.
दोन तास. मग अजून एक.
पाक कुठवर, हे सांगायला शब्द सापडेना
तेव्हा त्यांनी कॅमेऱ्यासमोर
अंगठा नि बोट चिकटवून हळूच उघडलं.
मीही उघडलं.
एकतारी.

फोडी काचेसारख्या झाल्या,
वरून करकरीत, आत मऊ.
तिकडे रात्र. नाताळची तयारी.
विहीणबाईंच्या हातात त्यांची वाटी,
चमचा शर्वरीच्या तोंडाशी,
आणि शर्वरी म्हणते, बाबा, तिसरा लागलाय.

कच्ची पपई.

नीलाक्षी असती तर
फोनमध्ये हात घालून वाटी हिसकावली असती.

मी लिहिलं, विहीणबाई, तिला नका देऊ.
खोडलं. शिजवलेली आहे, तीन तास.
पुन्हा लिहिलं.
पण पाठवू कसं?
वाचून दाखवणार
तीच.