सोंगट

सोहारला ऑगस्टात रात्रीसुद्धा काच बाहेरून घामेजते.
पोर्टाचा कॅम्प, खोली एकोणीस,
दोन खाटांच्या मध्ये पत्र्याची पेटी आडवी टाकून
आम्ही दर गुरुवारी राज्य मांडतो.
नकाशा सिमेंटच्या गोणीच्या आतल्या कागदावर,
फासा वीस बाजूंचा, ऑल्विननं दुबईहून आणलेला,
सोंगट्या म्हणजे नटबोल्ट,
आणि खजुराची एक बी,
ती इर्शाद परकारची जादूगारीण.

राक्षस मी बनवतो.
दिवसभर स्टोअरात व्हॉल्व मोजायचे
आणि रात्री वहीत असलं काही.
हा नवा:

*सोंगट.
ताकद सतरा, चपळाई अठरा, दया शून्य.
मुक्काम खाजणात, जिथं वर मिठाची पापडी दिसते
आणि खाली गाडी आसापर्यंत जाते.
मूळ रूप: पाहून कुणी परतलेलं नाही,
रकाना कोरा.
भक्ष्य: एकटे चालणारे,
त्यातही ज्यांची सुट्टी दोनदा पुढं ढकललीय ते.
हल्ला: दात शेवटी. आधी हाक.
हाक तुमच्याच वाडीच्या हेलात येते.
ओ दिलीत, की पहिला घास त्याचा.*

ट्रकवाला सईद चहाला टेकला होता, तो म्हणाला,
आमच्याकडची सगळं बदलते, पण पाय गाढवाचे राहतात.
आमच्याकडच्यांचे उलटे असतात, तांडेल म्हणाला.
म्हणजे दोन्हीकडं पायच बघायचे.
मी वहीत भर घातली:
सोंगट सेफ्टी बूट घालतो.

तीन गुरुवार तो खात सुटला.
तांडेलचा भालाईत गेला, बहिणीच्या आवाजामागं.
बिजूचा तिरंदाज गेला,
त्याला फक्त पावसाळी चुलीचा वास आला होता,
बिजू म्हणाला, मला माहीत होतं रे, तरी गेलो.
त्या रात्री पुढं कुणी खेळलं नाही.

पण प्रत्येक राक्षसाला एक भोक ठेवायचं असतं,
तो नियम आहे,
आणि मी ते ठेवलं नव्हतं, सुचलंच नव्हतं.
ते ऑल्विननं शोधलं.
विहिरीच्या काठाला त्याची बायको उभी होती,
वसईच्या घरातली, केस ओले,
म्हणाली, दमलास, बस जरा.
ऑल्विननं फासा मुठीतच धरला
आणि विचारलं, एग्नेस, पोराची फी भरली का?

मी गप्प.
म्हणजे सोंगट गप्प.

ही एग्नेस नव्हे, ऑल्विन म्हणाला,
तिनं दमलास म्हणायच्या आधी आकडा सांगितला असता.
अरे, सगळी सोंगं आणता येतात,
पैशाचं सोंग आणता येत नाही!
एकोणीस पडले.
विहिरीकाठी मिठाचा ढीग राहिला.
आम्ही इतके हसलो की वीस नंबरवाल्यांनी भिंत ठोकली.
वहीत लिहिलं, मर्मस्थान: पैसा.
जो पैसे मागत नाही तो आपला नव्हे.

सगळे झोपले.
एसीच्या नळीखालच्या डब्यात थेंब पडत होते.
दोनच्या सुमाराला फोन थरथरला.
तात्या.
गावाला तेव्हा साडेतीन वाजलेले असणार.

पैशे नुको धाडू हो, म्हणाले,
आमचा भागता. तुकाच ठेव.

अकरा वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.
कौलं, कर्ज, काजूची कलमं, चुलत्याचा डोळा,
दर फोनला एक आकडा,
आणि आकड्याला धरून मी त्यांना ओळखायचो.

व्हिडिओ लावा, म्हटलं.
नेट नाय, म्हणाले.
मागं कुत्रं भुंकत नव्हतं.
आमच्या वाडीत त्या वेळी कुत्रं भुंकतं.

मी फासा शोधला पेटीवर, अंधारात,
हाताला खजुराची बी लागली.

तिकडून श्वास.
मग अगदी हळू, आमच्या हेलात,
जेवलंस काय रे?

होय, मी म्हटलं,
जेवलंय.