जांभई

धैर्यशील हे नाव आजोबांनी ठेवलेलं.
ते इतकं शब्दशः खरं ठरेल असं
साताऱ्याकडच्या त्या म्हाताऱ्याच्या
स्वप्नातही आलं नसणार.

घणसोलीच्या माथाडी वसाहतीत
तळमजल्याला आमची खोली.
वडील कांदाबटाटा मार्केटातून यायचे
पाठीवर गोणीचे वळ घेऊन
आणि काही रात्री ते वळ
आमच्या पाठींवर उतरवायचे.
मोजूनमापून नव्हे, पण दोघांच्याही.
दार आपटलं की मी अजून दचकते.
तो मार खाऊन उठायचा, धूळ झटकायचा
आणि विचारायचा, कालवण काय केलंय?

मांजरं मारली नाहीत त्याने.
पिक्चरमध्ये दाखवतात तसलं काही नाही.
उलट बायका म्हणत, पोरगा असावा तर असा.
तिसऱ्या मजल्यावर सिलेंडर चढवून द्यायचा,
कुणाचा गुडघा धरतो,
कुणाची सून माहेरी जाऊन बसलीय,
सगळं त्याला पाठ.
पाठ होतं. एवढंच.

आई गेली तेव्हा तो
माझ्या तोंडाकडे टक लावून होता,
फळ्याकडे बघावं तसा.
मग त्याचा खालचा ओठ
माझ्या ओठासारखा थरथरायला लागला.
मीच त्याला जवळ घेतलं.
खांदा कोरडा होता माझा,
हे मला बाराव्याला आठवलं.

पुढची भिशी. तेवीस बायका.
शेवंताकाकूंच्या ऑपरेशनचे पैसे त्यातच.
कोर्टाच्या व्हरांड्यात काकू समोर आल्या,
शिव्या द्यायला आल्या होत्या,
हा म्हणाला, "काकू, बीपीची गोळी घेतली का?"
आणि काकू सवयीने म्हणून गेल्या,
"घेतली रे बाळा."

"हे वेड नाही," कुरियनबाई म्हणाल्या
वाशीच्या दवाखान्यात.
खाली झेरॉक्सचं मशीन उघडझाप करत होतं.
त्याला न बघता शिक्का मारणार नाही, म्हणाल्या,
पण काही माणसं अशी असतात.
मेंदूच्या आत बदामाएवढी एक जागा,
समोरचा भेदरला की आपल्याला तिथे कळ जाते.
त्यांच्यात ती कळ फार क्षीण.
चूक-बरोबर कळतं,
बोचत नाही.
थोडं रक्तातून येतं, थोडं घरातून,
किती थोडं, ते अजून कुणालाच नीट मोजता आलेलं नाही.

मग मी?
रक्त तेच. घर तेच. पट्टाही तोच.

बाईंनी पेपरवेट इकडचा तिकडे ठेवला.
मराठी त्या जरा शोधत शोधत बोलतात.
"तुझ्या वाट्याला भीती आली," म्हणाल्या,
"ती जपून ठेव."
आणि मी अकरा वर्षं
तिच्यावरच गोळ्या घेत होते.

परवा तळोजाला गेले, मुलाखतीला.
काचेपलीकडून, फोनवर, पहिलंच वाक्य:
"बारीक झालीस गं. झोपत नाहीस ना?"
इतकं अचूक
मला नवऱ्यानेही कधी विचारलेलं नाही.
विरघळले. खोटं कशाला बोलू.
दुसरं वाक्य खोलीच्या कागदांबद्दल होतं,
सही कुठे कुठे करायची त्याबद्दल.
पेन माझ्या पर्समध्ये होतं.

कुठेतरी वाचलेलं, अशा माणसांना
दुसऱ्याची जांभई सहसा लागत नाही.
त्याने काही सिद्ध होत नाही,
बाईंनी बजावलं होतं.
तरी मी दिली. मुद्दाम, मोठी.
आधी खोटी होती, अर्ध्यात खरी झाली,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तो बघत राहिला.
ओठ मिटलेले, नजर माझ्या तोंडावर,
हे कशासाठी असेल, याचा अंदाज घेत.

त्याच्या मागे, भिंतीला टेकून,
पोट सुटलेला एक हवालदार
तोंडावर पंजा धरून
जबडा दुखेस्तोवर जांभई देत होता.

त्याच्याकडे बघून
मला पुन्हा आली.