अ समरी

मोड आणाल तर झाकणासकट आणा,
असं मी गिऱ्हाइकाला सांगतो.
शेठ चिडतात. भाव वजनावर,
तुला रे झाकणाचं काय?

रविवार पेठेत, दुकानाच्या पायरीवर,
सदतीस वर्षं नावं कोरतोय.
बारसं, मुंज, वास्तुशांत, पंचाहत्तरी.
आधी छिन्नी-हातोडी होती, टिंबाटिंबानं अक्षर उमटायचं.
आता विजेची सुई. दुकान बंद झालं
तरी कानात गुणगुणत राहते.

मैनाचा डबा छिन्नीचा.
पहिल्या पगारातला, दोन पुडांचा.
झाकणावर नाव घालताना हात घसरला,
'मै'ची दुसरी मात्रा थेट काठापर्यंत गेली.
बदलून देतो म्हटलं.
म्हणाली, राहू दे दादा,
हरवला तर ओळखू येईल.

हडपसरला बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दुसरी पाळी.
सुटल्यावर कालव्याच्या कडेनं घर,
वीस मिनिटं.

सकाळी पंच म्हणून ज्या दोघांना उभं केलं
त्यातला एक न्हावी होता, भोंगळे.
पुढे कधीतरी मला म्हणाला,
मी आपला डब्याकडेच बघत राहिलो.
पंचनाम्यात लिहिलंय:
स्टीलचा डबा एक, आत चपातीचा अर्धा तुकडा,
कारल्याची भाजी किंचित. झाकण नाही.

किंचित, म्हणजे खाल्लं पोरीनं,
आई म्हणाली.
एरवी कारल्याला नाक मुरडायची.

ठेकेदाराला नेलं, चौथ्या दिवशी सोडलं.
पेपरात चार ओळी आल्या, साड्यांच्या सेलखाली.
गल्लीत ज्याला त्याला काहीतरी ठाऊक होतं
आणि फौजदारासमोर कुणालाच काही नाही.

दीड वर्षानं कागद आला. अ समरी.
आईनं विचारलं, अ म्हणजे रे?
मी वाचून दाखवलं:
गुन्हा खरा. आरोपी मिळून येत नाही.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, खरा म्हणालेत ना?
कागद घडी करून तिनं रेशनकार्डात ठेवला,
आणि जो कुणी यायचा त्याला
तेवढा पहिला शब्द दाखवायची.

तेव्हापासून मोडीचं पोतं ओतलं
की मी आधी झाकणं उलटी करतो.
गंजलेली, चेपलेली, राखेनं घासून नावं पुसट झालेली.
माझं अक्षर मला कळतं.
ज्याच्या घरातून ते निघेल
त्याला विचारायचं एक वाक्य ठरवून ठेवलं होतं.
हल्ली नीट आठवत नाही.

एकदा आलंही. मैना.
बोटं गार पडली.
पण मात्रा दोन्ही नेटक्या, आखूड.
सासवडची कुणी मैना, नव्वदीत गेली,
सुनेनं भांडी मोडीत काढली.
मला त्या म्हातारीचा राग आला,
एवढं जगली म्हणून.
त्या दिवशी चहा घेतला नाही,
कुणा डॉक्टरांच्या नावातला रफारही विसरलो.

या चैत्रात शिवाजीनगर कोर्टातून निरोप:
जुना मुद्देमाल निकाली काढायचाय, तुमचा काही असेल तर न्या.
अर्ज केला. तीन तारखा गेल्या.
चौथ्या वेळी कारकुनानं कापडी पिशवी टेबलावर ठेवली.
लाखेचं सील, दोऱ्याला उंदरानं कुरतडलेलं,
आत डबा. हलका.
इतका हलका होता का?

सही करा, वस्तू पूर्ण मिळाली म्हणून.

नोंदवहीतला रकाना बोटभर.
तरी मी छिन्नी धरल्यासारखा पेन धरला
आणि सहीच्या वर लिहिलं:
झाकण येणे बाकी.

असं लिहायचं नसतं हो, कारकून म्हणाला.
नवा पोरगा, चिखले नावाची पाटी छातीवर.
खोडायला त्यानं पेन उघडलं,
मग नुसताच शिक्का उचलला,
फुंकर घातली,
आणि बाजूला, मोकळ्या जागेत मारला.