दोराची वही

नऊ क्रमांकाचा दोर आज निवृत्त केला.
वहीत लिहिलं: निळा, साडेदहा मिलिमीटर,
पाच पावसाळे, दोनशे अकरा दिवस कातळावर,
पडणं झेललं सदतीस वेळा.
त्यातलं एक मोठं.

त्या मोठ्याला तारीख आहे, नाव नाही.
नावं आम्ही लिहीत नाही.
पडणारा लाजतो,
आणि दोराला नावाशी देणंघेणं नसतं.

शाळा म्हणजे अंजनेरीच्या पायथ्याशी
पत्र्याची एक शेड.
खिळ्यांवर हार्नेस, दाराशी पाण्याचा पिंप,
सातपूरच्या भंगारातून आणलेलं लोखंडी कपाट,
किल्ली हरवून त्याला सहा वर्षं झाली.
रविवारी मुलं येतात, सिडकोतून, जेलरोडहून.
देवळालीची तहसीन
गाठ मारताना जीभ दातांत धरते.

मी सांगते, आधी मोकळा आठ.
मग दोर आल्या वाटेनंच परत जातो,
वळणाला वळण खेटून,
संध्याकाळच्या शेळीसारखा.
शेपूट वीतभर सोडा.
ओढून बघा. मग दुसऱ्याला ओढायला लावा,
आपल्या गाठीतली चूक
आपल्याला दिसत नाही.

(शेळी माझी नाही, देवराम लहांगेची आहे.
उपमाही त्याचीच.)

प्रमाणपत्रं आम्ही वाटतो,
देवरामला कुणी दिलेलं नाही.
तो बोटांच्या पेरांनी दगड वाजवतो:
भरीव बोलला तर हात ठेव,
पोकळ बोलला तर रामराम कर.
कपारीत आग्या मोहोळ असेल त्या दिवशी
अत्तर लावून आलेल्याला
खाली भांडी घासायला बसवतो.
बँकेतले साहेबसुद्धा बसलेत.

मागच्या मार्गशीर्षात दोन पोरं आली.
हरिहरला माणसं नेतात, शनिवार-रविवार.
पाटी नवी, टीशर्ट नवे,
आणि पिशवीत पिवळा नायलॉन,
ट्रकवर ताडपत्री आवळतात तो.
म्हणाली, बाई, दोर बांधायचा कशाला, ते शिकवा.

प्रभंजन माझ्या कानाशी आला.
आधी फी सांग,
नाहीतर उद्या आपलीच गिऱ्हाईकं नेतील.

खरं होतं ते. शेडचं भाडं दोन महिने थकलं होतं.

माझ्या उजव्या तळव्यावर एक गुळगुळीत पट्टा आहे,
तिथे घाम येत नाही.
नऊ क्रमांक एकदा तिथून सरसरत गेला होता.
त्या पट्ट्यावर अंगठा फिरवत
मी पोरांना म्हटलं, बसा.

दिवेलागणीपर्यंत बसले ते.
एक आधार सुटला तर दुसरा,
दुसरा सुटला तर तिसरा,
पण तिन्ही एकाच धोंड्यात असतील
तर तो एकच, मोजताना फसू नका.
पिवळा दोर मी काढून घेतला,
बदल्यात आमचा सात क्रमांक दिला, दोन वर्षांचा,
त्याच्या वहीच्या पानाची नक्कल करून.

यंदा त्यांच्याकडे चाळीस मुलं आहेत,
आमच्याकडे सोळा.
हिशेब प्रभंजन आता मोठ्यानं वाचतो.

तर, नऊ क्रमांक.
तापल्या सुरीनं कापला, दोन-दोन हातांचे तुकडे,
सोळा पोरांना सोळा.
घरी पलंगाच्या पायाला बांधा,
जीव मात्र याला बांधू नका.
एक देवरामनं वासरासाठी मागितला.
त्यालाही तेच बजावलं.
वासरू कड्यावर जात नाही बाई, म्हणाला,
त्याला अक्कल आहे.

तहसीननं तुकडा नाकाशी नेला,
माती, घाम, उन्हात करपलेलं काहीतरी.
मग वहीत डोकावली.
हे मोठं कोण पडलं होतं, बाई?

पत्र्याखाली हिशेब वाचणारा आवाज थांबला.
थंडीत दुखतो तो गुडघा
त्यानं सावकाश लांब केला, तेवढं ऐकू आलं.

शेपूट कमी आहे तुझं, मी म्हटलं.
सोड. परत बांध.